बंदुकीच्या खुंटीवरचा कॅमेरा

सावरीला फुलं आली की आमच्याकडे वरून आवाज येऊ लागतो. घुस्स घुस्स, घुस्स घुस्स. नवीन माणसाला वाटतं, कॅसलरॉकच्या घाटात गाडी चढते आहे. कोळशाची इंजिनं होती तेव्हा मीसुद्धा फसायची. पण तो ककणेर असतो. पुस्तकात त्याला धनेश म्हणतात, असं माझ्या दिरांनी सांगितलं होतं. गिधाडाएवढा पक्षी, चोचीवर पिवळं शिंग, आणि पंख असे की वारा कापताना त्यांचा दम लागल्यासारखा आवाज होतो.

आज सकाळी यंदाचा पहिला आवाज आला. मी परसात भांडी घासत होते. हे ओसरीवर बसले होते. त्यांनी मान उजवीकडे वळवून वर पाहिलं, कारण उजवा डोळा नाही, सगळं डाव्यानंच बघावं लागतं. मी राखेच्या हातानं तशीच आत गेले आणि भिंतीकडे पाहिलं. इतकी वर्षं झाली तरी हा आवाज आला की मी आधी त्या भिंतीकडे बघते.

त्या भिंतीवर पूर्वी बंदूक असायची.

मी लग्न होऊन खानापूरकडून इथं आले तेव्हा घरात नीट ठेवलेली अशी एकच वस्तू होती. मातीच्या भिंतीत खैराच्या दोन खुंट्या ठोकलेल्या, त्यांच्यावर आडवी ठासणीची बंदूक. भांडी पोचे आलेली, घोंगडी फाटकी, पण बंदुकीला दर आठवड्याला तेल. दसऱ्याला तिच्या नळीवर कोंबड्याच्या रक्ताचं बोट ओढायचं. शिगम्याच्या पारधीत तिला माणसासारखा वाटा मिळायचा. आमच्या गावात मांस वाटायची रीत ठरलेली आहे. बंदुकीचा एक वाटा, हाकारे घालणाऱ्यांचा एकेक, कुत्र्यांचा एक, आणि ज्यानं जनावर पहिल्यांदा बघितलं त्याचा एक. तो बघणाऱ्याचा वाटा. तो माणूस पारधीला आला नाही, तापानं घरात पडलेला असला, तरी वाटा त्याच्या दारात पोचता करायचा. भांडणं असली तरी पोचता करायचा. ही रीत मला तेव्हा फार चांगली वाटायची.

एका संध्याकाळी आमटी खारट झाली म्हणून ह्यांनी बंदूक खाली काढली आणि नळी माझ्या गळ्याखाली टेकवली. लोखंड गार होतं आणि त्याला तेलाचा वास होता. मी डोळे मिटले नाहीत, मला चुलीवरचा भात करपताना दिसत होता आणि मी तेवढंच बघत राहिले. मग हे हसले. म्हणाले, "भ्यालीस व्हय? भरलेली न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणात उभं राहून बंदूक आभाळाकडे उडवली. ठासणीची बंदूक रिकामी करायची दुसरी सोपी रीत नाही. धूर परसापर्यंत आला. मी तशीच शेण गोळा करत राहिले. भरलेली होती.

भात पिकायच्या दिवसांत रानडुकरं येतात. त्या वर्षी कळपच्या कळप येत होते. हे माळ्यावर राखणीला बसायचे. माळा म्हणजे शेताच्या बांधावर चार खांबांवर बांधलेली बसायची जागा. एका पहाटे आवाज झाला तो नेहमीचा नव्हता. नेहमीचा बार डोंगराला लागून परत येतो. हा जागच्या जागी फुटला. थोड्या वेळानं हे स्वतःच चालत आले. तोंड काळं, डावा हात धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला. उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "पाणी दे." मी तांब्या पुढे केला, तो घ्यायला त्यांनी सवयीनं दोन्ही हात पुढे केले आणि आम्ही दोघांनी डावा एकदमच पाहिला.

दारू जास्त ठासली होती. नळी फाटली. बेळगावच्या दवाखान्यातून परत आले तेव्हा डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी उरली होती, खेकड्याच्या नांगीसारखी. उजव्या डोळ्यात ठिणगी गेली होती. दाढीत दारूचे बारीक काळे कण कायमचे बसले. फुटलेली बंदूक सरकारात जमा झाली आणि भिंतीवर नुसत्या खुंट्या राहिल्या.

मला वाटलं होतं, आता घर शांत होईल. उलट झालं. शर्टाची गुंडी त्यांना लावता येत नव्हती. ती मी लावायची. मी गुंडीशी वाकले की त्यांचा श्वास माझ्या डोक्यावर पडायचा आणि मला कळायचं की आज मार आहे की नाही. कधी गुंडी लागायच्या आतच उजवा हात यायचा. एकदा पेजेचं तापलेलं मडकं आलं. एकदा त्यांनी शेळीच्या पिल्लाला नुसतं मध्ये आलं म्हणून भिंतीवर आपटलं आणि मग त्याच्याशेजारी बसून राहिले. माणसाच्या अंगात सवय साठलेली असते. बंदूक गेली तरी बार उडायचा राहत नाही, तो कुठून तरी बाहेर येतो.

माघात परसू भावोजी आले. परसू म्हणजे ह्यांचा चुलत भाऊ, वरच्या वाडीचा. पारधीत हाकारा घालायला त्यांच्यासारखा गळा कुणाचा नव्हता. ते मनानं वाईट नाहीत, हे मी आधीच लिहून ठेवते. ओसरीवर बसले, पान लावलं आणि म्हणाले, "अण्णा, माझ्या मामाची बंदूक खानापुरात गंजत पडल्या. जोयड्याला कचेरीत परवान्याचा कागद फिरवूया. शिगम्याच्या आत घरात."

हे म्हणाले, "डोळा कुठाय मला?"

"डावा हाय की शाबूत. नेम काय डोळ्यात असतोय? नेम छातीत असतोय. आणि नळी ठेवायला नांगी बास हाय." मग आत बघून मला म्हणाले, "वैनी, चा टाका. गोड टाका. घरचं माणूस परत यायलंय."

मी चहा टाकला. निम्मी साखर चुलीत गेली. ह्यांचा चेहरा मी दारातून पाहिला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यावर जीव आला होता. आणि मला पक्कं ठाऊक होतं की ती बंदूक त्या खुंट्यांवर चढली तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत मी जगत नाही. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. घडल्याशिवाय कोण मानणार?

माझे धाकटे दीर, नामदेव भावोजी, कॅसलरॉक स्टेशनवर रेल्वेत कामाला. ते मोजकं बोलतात. पुढच्या खेपेला आले तेव्हा माझ्या गालावरचा वण बघून न बघितल्यासारखं केलं आणि परसात येऊन म्हणाले, "वैनी, स्टेशनावर एक पावणा उतरला हुता. पाखरं बघायला. त्याच्या गळ्यात कॅमेरा. मला डोळा लावू दिला. पल्याडच्या डोंगरावरचं पोपट असं दिसलं, जणू हातावर बसलंय." मग म्हणाले, "अण्णाला नेम धरायला कायतरी पायजे. न्हाईतर बंदूक येणार. आली तर काय हुणार ते तुमाला ठावं, मला बी ठावं."

मला रडू आलं, कारण कुणाला तरी ठाऊक होतं.

डोळा दाखवायला बेळगावला जायचंच होतं. भावोजी बरोबर आले. दवाखान्यातून निघाल्यावर त्यांनी आम्हाला एका फोटोच्या दुकानात नेलं. जुने कॅमेरेही तिथं विकायला असायचे. मी दारातल्या स्टुलावर बसले. परक्या पुरुषाशी बोलायची मला तेव्हा सवय नव्हती, आजही नाही.

दुकानदारानं दोन कॅमेरे काचेवर ठेवले. "हा मोठा. भिंगं बदलायची. जवळचं वेगळं, लांबचं वेगळं. फोटो आरशासारखा. आणि हा दुसरा. ह्याचं भिंग निघतच नाही. तेच लांब होतंय, तेच आखूड होतंय. आत मोटार आहे. आखातातून आलेल्या माणसानं विकलाय." मग प्रामाणिकपणे म्हणाला, "पण खरं सांगतो, जंगलात अंधार असला की हा मंद पडतो. पार लांबचं ओढलं की चित्र जरा मऊ येतंय. पाखरांसाठी म्हणाल तर मोठाच."

भावोजींनी मोठा ह्यांच्या हातात दिला. तो धरायचा उजव्या हातानं आणि भिंगाचं कडं फिरवायचं डाव्यानं. ह्यांनी नांगीत कडं पकडलं. ते घसरलं. पुन्हा पकडलं, पुन्हा घसरलं. कपाळावरची शीर उभी राहिली. तिसऱ्यांदा भिंगच निसटलं आणि भावोजींनी ते खाली पडता पडता झेललं. दुकानदार तोंड फिरवून काच पुसू लागला. ते त्याच्याकडून चांगलं झालं.

हे उठले. "चल नाम्या. परसूला सांगतो, आण म्हणून."

काय आण, ते त्या दुकानात आम्हा तिघांनाच कळलं. हे दारापर्यंत आले, माझ्या स्टुलाशी. मी बाजूला सरायला हवं होतं. मी बसूनच राहिले. आणि माझ्याच कानाला परका वाटेल असा माझा आवाज निघाला, "ते दुसरं... ते एका हातानं चालतंय काय?"

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. "चालतंय की, अक्का. एका हाताचाच आहे म्हणा."

त्या कॅमेऱ्याच्या बाजूला चामड्याचा पट्टा होता. त्यात उजवा हात सरकवला की बोटं आपोआप जागेवर बसायची. अंगठ्याखाली बटण दाबलं की भिंग घुर्र करून पुढे यायचं, दुसरं दाबलं की मागे जायचं. कडं नाही, फिरवणं नाही, चित्र स्वच्छ करायचं कामही तोच करायचा. नांगीवर नुसता खालून टेकवायचा. ह्यांनी तो डाव्या डोळ्याला लावला आणि दारातून समोरच्या कौलांवर धरला. तिथं एक घार उंदीर फाडत होती. घुर्र आवाज झाला.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. शीर खाली बसली. ओठ थोडे उघडले. श्वास अर्ध्यात थांबला. हा चेहरा मला माहीत होता. बंदुकीमागे तो असाच व्हायचा. मला एकदम बरं वाटलं आणि त्याच क्षणी भीतीही वाटली.

"आतडं काढलं तिनं," हे हळू म्हणाले. "दिसतंय. आतडं दिसतंय." मग डोळा न काढता, "हेच घे."

"अण्णा, मोठा चांगला म्हणत्यात."

"मोठा दोन हातांच्या माणसाला."

पैसे भावोजींनी दिले. शिगम्याला अजून वेळ होता.

परसू भावोजींनी कॅमेरा बघितला तेव्हा पोट धरून हसले. "अण्णा, हे काय मिरच्या कुटायचं? ह्यात दारू कुठनं भरायची?" ह्यांनी बंदुकीच्या कागदाचं नाव काढलं नाही. कॅमेरा डाव्या खुंटीला पट्ट्यानं लटकला. परसू भावोजी जाताना दुसऱ्या खुंटीवर टिचकी मारून गेले. "ही मोकळी ठेवा, वैनी."

नवीन हत्यार बिनरक्ताचं बाहेर काढायचं नाही, हे ह्यांच्या डोक्यात पक्कं. मी सांगितलं, हळद-कुंकू पुरे. ऐकलं नाही. कोंबडा गुडघ्याखाली दाबला, एका हातानं सुरी नीट चालली नाही, आणि अर्ध्या मानेचा कोंबडा अंगणभर धावला. तुळशीपासून गोठ्यापर्यंत रक्ताची रेघ. ह्यांनी बोट बुडवून भिंगाच्या नळीवर जाड पट्टा ओढला. दुसऱ्या दिवशी नळी सरकते त्या फटीत मुंग्यांची रांग लागली होती. बटण दाबलं तर भिंग निम्म्यावर अडून कण्हू लागलं. ह्यांनी तो आपटायला डोक्यावर उचलला. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. त्यांच्या हातातून मी वस्तू काढून घेतली, ही पहिली वेळ. करवंदीच्या काट्याला कापूस गुंडाळून दिवसभर ती फट साफ केली. वाळलेलं रक्त, मुंग्या, मुंग्यांची डोकी. संध्याकाळी भिंग घुर्र करून पुढे आलं. हे म्हणाले, "बरं झालं." एवढंच.

लोक पाखरांबद्दल बोलताना आवाज गोड करतात. मला पाखरं तशी माहीत नाहीत. उन्हाळा म्हणजे आमच्या रानात मारामारीचा हंगाम. खाली पाचोळ्याला वणवा लागलेला, सरडे पळतात, आणि धुराच्या कडेला कोतवाल पक्षी त्यांना टिपायला टपलेले. शिक्रा चिमणीला मारून खात नाही, खाता खाता मारतो. आणि हा ककणेर, ज्याला सगळे राजा म्हणतात, तो बुलबुलाच्या घरट्यातली पिल्लं एकेक उचलून घेऊन जातो. साप सापडला तर फांदीवर आपटून आपटून त्याची दोरी करतो. हे सगळं मादीसाठी. मादी झाडाच्या ढोलीत बसते, विष्ठेनं आणि फळांच्या लगद्यानं तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते. आत तिची पंखांची पिसं गळून पडतात. पिल्लू मोठं होईपर्यंत ती उडू शकत नाही. नर बाहेरून आणेल तेच खायचं. पूर्वी हे ढोलीखाली दबा धरून बसायचे. नर कुठंही गेला तरी फटीपाशी येणारच, त्यामुळे नेम चुकायचा नाही. नर पडला की मादीला घाई नसायची. लिंपण फोडून तिला नंतर काढायची. तिच्या चरबीचं तेल सांध्याला लावायचं. ते तेल माझ्याही गुडघ्याला लागलेलं आहे.

त्या वर्षी ढोली मला दिसली. ओढ्यापलीकडे लाकडं गोळा करत होते. एका जुन्या बेहड्याच्या बुंध्याशी उंबराच्या आणि काजऱ्याच्या बियांचा सडा पडलेला. वर पाहिलं तर खूप उंचावर लिंपलेलं भोक आणि त्यातून बाहेर आलेलं चोचीचं टोक. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. शिगमा तोंडावर होता आणि त्यांनी जंगलात जावं पण पारधीला जाऊ नये, असं मला वाटत होतं.

हे हसले. "मग बघणाऱ्याचा वाटा तुझा."

दुसऱ्या दिवसापासून हे आमच्या शेताच्या माळ्यावर बसू लागले. झाडाखाली जावं लागत नव्हतं. भिंग ओढ्यापलीकडचं सगळं जवळ आणायचं. त्याच्या तोंडावर दुकानातून सोबत मिळालेलं आणखी एक जादा भिंग फिरवून बसवायचं होतं, ते ह्यांना जमत नसे, म्हणून सकाळी मी बसवून द्यायची. शर्टाची गुंडी लावायची आणि मग ते भिंग. गुंडीपाशी श्वास आता कमी गरम असायचा. मार थांबला असं मी लिहिणार नाही. कमी झाला. संध्याकाळी हे जेवताना सांगायचे, आज नरानं किती वेळा फेरी मारली, आज सरडा आणला, आज एक साप, तो अजून वळवळत होता आणि त्यानं तो तसाच फटीतून आत कोंबला. हे सांगताना त्यांचा डोळा चमकायचा. ते प्रेमानं बघत होते असं मला वाटत नाही. शिकाऱ्यासारखंच बघत होते, फक्त शेवटी काही पडत नव्हतं.

पारध त्यांच्याशिवाय झाली. दुसऱ्या गावची बंदूक बोलावली. परसू भावोजी सांबराचा तुकडा चघळत ओसरीवर येऊन म्हणाले, "काय अण्णा, फोटोचा रस्सा झाला काय?" ह्यांनी कॅमेरा पुसून खुंटीला अडकवला. ढोलीचं कुणालाच सांगितलं नव्हतं. मला दम भरला होता, "तोंडातनं निघालं तर बघ." माझ्या तोंडातून निघालं नाही.

चैत्रात एका सकाळी मी पेज घेऊन माळ्याकडे गेले. हे वर गुडघ्यावर बसलेले, कॅमेरा डोळ्याला. मी हाक मारणार होते, पण पाठ बघून थांबले. पाठ दगडासारखी होती. ओढ्यापलीकडे बेहड्याला पायरीसारखी पेरं ठेवलेला उंच वेळू टेकवलेला आणि त्याच्या टोकाला परसू भावोजी. खाली एकजण काठी घेऊन उभा. कोयत्याचा आवाज आला, टक, टक. लिंपणाची ढेकळं खाली पडत होती.

हे ओरडले नाहीत. का, ते मी पुढे कितीदा विचारलं स्वतःला. ओरडायचं नसतं, हे त्यांच्या अंगातच होतं. नेम धरल्यावर माणूस ओरडत नाही. बोट तेवढं दाबत होतं. खट, खट.

भावोजींनी ढोलीत हात घातला आणि किंचाळले. मादीनं मनगट धरलं होतं. त्या चोचीनं ती कठीण कवचाची फळं फोडते. त्यांनी दुसऱ्या हातानं कोयत्याची मूठ आत मारली, पुन्हा मारली, आणि तिला ओढून बाहेर फेकलं. ती पंख पसरून पडली, पण पंखांत पिसंच नव्हती. जमिनीवर आदळून उठली आणि कोंबडीसारखी धावू लागली, एवढा मोठा पक्षी, वाकडातिकडा. काठीवाल्यानं तिला पळसाच्या झुडपाशी गाठलं. मागून पिल्लू फेकलं. त्याला काठीची गरजच पडली नाही.

तेवढ्यात माळ्यावरून घुर्र आवाज सुरू झाला, लांब, न थांबणारा. रोल संपला होता. संपला की तो कॅमेरा आपणहून फिल्म मागे गुंडाळायचा आणि तोवर काही केलं तरी चालायचा नाही. हे बटण दाबत होते, दाबत होते, आणि आतून नुसती घरघर. मग त्यांनी कॅमेरा डोळ्यावरून काढला. माझ्याकडे पाहिलं, पण मी त्यांना दिसत नव्हते.

हे घरी आले. कॅमेरा खुंटीला टांगला आणि त्याच्याखाली भिंतीला टेकून दिवसभर बसले. दिवेलागणीला परसू भावोजी दारात आले. मनगटाला फडकं बांधलेलं, दुसऱ्या हातात सागाच्या पानाचं पुडकं, खालून ओलं झालेलं.

"घे अण्णा," ते म्हणाले. "वाटा."

"कसला?"

"बघणाऱ्याचा. ढोली तुझी की. तूच दाखवलीस."

"मी कधी दाखवली?"

"इतकं दिस त्या नळीनं दाखवालास की, अण्णा. माळ्यावरनं एकाच जागी. मी काय आंधळा हाय?"

त्यांनी हे हसत, आपुलकीनं म्हटलं. रीत पाळायला आले होते. पारधीच्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. नळी कुठं रोखली आहे, ते बघून त्याला सगळं कळतं. ह्यांनी तोंड बंद ठेवलं, मला बंद ठेवायला लावलं, आणि रोज सकाळी सगळ्या वाडीला बोट करून झाड दाखवलं.

हे उठले. भिंतीकडे न बघताच त्यांचा उजवा हात वर गेला. तो हात कशासाठी वर गेला होता ते मला माहीत आहे. उजव्या खुंटीला, जिथं बंदुकीचा दस्ता असायचा. तिथं काही नव्हतं. हात हवेत एकदा मिटला, मग डावीकडे सरकला आणि त्यात पट्टा आला.

पहिला घाव भुवईवर. काच फुटल्याचा आवाज आणि हाडाचा आवाज वेगळे असतात, ते मला एकदम ऐकू आले. दुसरा कानावर. भावोजी खाली बसले. तिसऱ्याला पट्टा तुटला आणि कॅमेरा चुलीपाशी घरंगळला. मग हे नुसत्या हातानं मारू लागले, नांगीनंसुद्धा, आणि मी मध्ये पडले तेव्हा मलाही लागलं, ते मी मोजत नाही. थांबले तेव्हा आम्ही तिघेही धापा टाकत होतो. परसू भावोजींचा एक डोळा रक्तानं बंद झाला होता. पुडकं त्यांनी सोडलं नव्हतं. लहान मुलासारखं म्हणाले, "अण्णा, वाटा आणला होता रे मी."

मी लुगडं फाडून, हळद दाबून त्यांचं कपाळ बांधलं. बांधताना भुवईखालचं पांढरं हाड दिसलं. त्यांच्या हातातून पुडकं घेतलं. पहिल्यांदा ढोली बघितली ती मी. तो वाटा रीतीप्रमाणे माझाच होता. सकाळी मी तो बेहड्याच्या बुंध्याशी खोल पुरला आणि वर दगड ठेवले. नर वर बसला होता. चोचीत उंबर. फुटलेल्या ढोलीत मान घालायचा, बाहेर काढायचा, उंबर तसंच. किती दिवस येत राहिला, ते हे सांगू शकतील. मी पुन्हा तिकडे गेले नाही.

नामदेव भावोजींनी कॅमेरा बेळगावला नेला. भिंग दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. रोल मात्र आधीच गुंडाळून डबीत गेला होता म्हणून वाचला. दुकानदार खरं बोलला होता. बरेच फोटो काळपट, मऊ. एकच चांगला आला होता, उन्हातला. परसू भावोजी वेळूवर, हात मनगटापर्यंत ढोलीत, तोंड उघडं. ह्यांनी तो माझ्यासमोर परसू भावोजींच्या पुढ्यात ठेवला. म्हणाले, "तुझा वाटा."

त्यांनी तो दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ नेला. भुवईवरचे टाके तेव्हा ओले होते.

"हा मी?"

"तूच."

"केवढं भ्यालोय बघ की," ते म्हणाले.

आता त्यांचे केस पिकलेत. भुवईवरून वण गेलाय, तिथं केस उगवत नाहीत. आज दुपारीही ओसरीवर बसून पान खाऊन गेले. कुणी वणाचं विचारलं की म्हणतात, अण्णानं माझा फोटो काढला. सगळे हसतात. हेही हसतात. मीही हसते, आणि प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यासमोर उजव्या खुंटीकडे गेलेला तो हात येतो, रिकामा मिटलेला. ती खुंटी त्या दिवशी रिकामी होती म्हणून परसू भावोजी पान खातात.

मामाची बंदूक पुढे दुसऱ्या कुणाच्या तरी घरी गेली. कॅमेरा अजून डाव्या खुंटीला आहे, फुटक्या भिंगाचा. या दिवसांत वरून आवाज गेला की हे कधी कधी तो काढतात आणि डोळ्याला लावतात. त्यातून काय दिसतं ते मी विचारत नाही. आज सकाळीही लावला होता.

बंदुकीला दोन खुंट्या लागतात. कॅमेऱ्याला एक पुरते. ज्या संध्याकाळी परसू भावोजींना वाडीत पोचवायला हे गेले, त्यांना खांद्याचा आधार देऊन, तेव्हा घरात मी एकटी होते. जमिनीवरचं रक्त पुसायच्या आधी मी उजवी खुंटी दोन्ही हातांनी हलवली. खैराची होती, खोल गेलेली. कोयता घालून भोवतीची माती उकरली, पाय भिंतीला लावून ओढली, आणि ती माझ्या अंगावर आली तेव्हा मी रक्तातच बसले. ती चुलीत घातली. भोकात शेणमाती भरून अंगठ्यानं लिंपून घेतलं. हे परत आले, भिंतीकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, आणि हात धुवायला पाणी मागितलं.

दर वर्षी सावर फुलली की तिथली माती भेगाळते. आज भांडी तशीच टाकून मी ती पुन्हा लिंपली.